थोरलीचा गळा

थोरलीला गाता येत नाही, हे तळ्याकाठच्या चाळीसही घरांना ठाऊक होतं. त्यात लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली, त्याच वर्षी पहिल्या कापणीला त्याचा निकाल लागला होता. कपडे गुडघ्यावर खोचून ती मोठ्या हौसेनं पाण्यात उतरली, बाराजणांच्या ओळीत उभी राहिली आणि सासूनं तराफ्यावरून पहिली ओळ टाकल्यावर सगळ्यांबरोबर तिनंही तोंड उघडलं. डावीकडच्या माणसाचा विळा चुकला. उजवीकडचा हसता हसता पाण्यात बसला. गळा असा, की तेल न घातलेल्या बिजागरीनं लाजावं. सासूनं मांडीवरचा पत्र्याचा डबा वाजवायचा थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सूनबाई, तू नुसती काप. गाण्याचं आम्ही बघतो."

त्याला बावीस वर्षं झाली. थोरली नुसती कापत राहिली. कापायला मात्र ती अशी तरबेज झाली, की तिच्या विळ्याखाली दोन माणसांचं काम पडायचं.

तळ्यात पाणकणसं उगवायची. माणसापेक्षा उंच, तलवारीसारख्या पानांची, टोकाला तपकिरी कणसं धरलेली. त्यांच्या चटया व्हायच्या, छपरं शाकारली जायची, टोपल्या विणल्या जायच्या. काठावरची सगळी घरं त्यावर जगायची. पाणी उतरून कमरेएवढं झालं की कापणी सुरू करायची आणि गुडघ्याशी यायच्या आत उरकायची, नाहीतर तराफा चिखलात रुतून बसतो. मधे हातात येतात फार तर बारा-तेरा दिवस. डाव्या हातानं मूठभर दांडे कवेत घ्यायचे, उजव्या हातानं पाण्याच्या वर वीतभर ठेवून विळा ओढायचा. पाण्याखाली कापलं तर दांड्यात पाणी शिरून मूळ कुजतं आणि पुढच्या वर्षी तिथं नुसतं शेवाळ तरंगतं. बाराही विळे एका दमात ओढले जायला हवेत. एक पुढं गेला की मागच्याचा हात त्याच्या विळ्याखाली येतो.

म्हणून गाणं. सासू तराफ्यावर पुढच्या पाण्याला पाठ करून, कापणाऱ्यांकडे तोंड करून गायची, डब्यावर ठेका धरायची, आणि कापणाऱ्यांची ओळ धृपद उचलून पुढं सरकायची.

तीन पट्टे कापिले, एक पट्टा राखिला,
राखिल्या पट्ट्यामधी जीव कोणाचा झाकिला.

एकसष्ट कडवी होती. पाणकणसांच्या आत शिरल्यावर चारी बाजूंना हिरवी भिंत, डोक्यावर हातभर आभाळ, बाकी काही दिसत नाही. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, कोणता तुकडा उभा ठेवायचा, हे गाण्यातच होतं. पाय गाण्यानं चालायचे, डोक्याला काम नव्हतं. मधेच दोन-चार कडवी नुसती गंमतीची. पाठ दुखायला लागायची नेमकी त्याच ठिकाणी ती यायची.

नणंद माझी लांब गं, उभी राहिली पाण्यात,
बगळे म्हणती आपली दिसते, घेऊ हिला घराण्यात.

यावर ओळ दरवर्षी हसायची. थोरलीसुद्धा हसायची, पण तोंड मिटून.

*

गेल्या वर्षी तळ्यावर आक्रीत झालं. कुठले तरी बाहेरचे लोक यंत्राच्या बोटी घेऊन आले आणि चार दिवसांत अर्धं तळं मुळापासून साफ करून गेले. पक्षी उठले ते उठलेच. मग पक्षी मोजणाऱ्या कचेरीनं तळंच बंद करून टाकलं. चोर गेले सुटून आणि काठावरच्या घरांनी वर्षभर जुन्या चटया उसवून पुन्हा विणल्या.

सासू काही गप्प बसणारी नव्हती. कापणीचे दिवस जवळ आल्यावर ती रोज उठून कचेरीत जायला लागली. तिथल्या बाकावर बसायची आणि जो येईल त्याच्याशी भांडायची. सहाव्या दिवशी मोठी बाई बाहेर आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, गळ्यात दुर्बीण. काठावरच्या लोकांनी तिचं नाव कधी विचारलंच नाही. ती दुर्बीणवालीच राहिली.

"आजी, अकरा दिवस देते," दुर्बीणवाली म्हणाली. "पण मी स्वतः होडीतून मागं राहणार. पाणकोंबड्यांची दुसरी वीण चालू आहे. एक घरटं जरी विळ्याखाली आलं, तर काम बंद. यंदाही आणि पुढंही."

"येणार नाही विळ्याखाली," सासू म्हणाली. "गाणं आहे आमच्याकडं."

"गाण्यानं अंडी वाचतात?"

"आमच्या चार पिढ्या वाचल्या. अंड्यांचं काय घेऊन बसलात."

सासू जिंकून घरी आली. पण सहा दिवसांचं भांडण गळ्यात घेऊन आली. पहिल्या दिवशी थंड धुक्यात ती चार तास गायली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा बाहेर आली.

घरात आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. धाकटा दीर म्हणाला, "आज फार शांत वाटतंय." मग सगळ्यांनी वळून पाहिलं. सासू चुलीपुढं उभी राहून हातातल्या पळीनं हातवारे करत होती आणि तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. मिठाच्या गुळण्या झाल्या, मध चाटून झाला, गळ्याला फडकं गुंडाळून झालं. आवाज काही आला नाही. काठावरच्या वैद्यानं घशात डोकावून सांगितलं, "आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही." सासूनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो औषधाची बाटली विसरून निघून गेला.

"मी म्हणते गाणं," धाकटी जाऊ म्हणाली. धाकटीचा गळा मधाळ होता. लग्न होऊन तीनच वर्षं झाली होती, पण धृपद उचलताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा आणि लोक मान डोलवायचे. सासूनं पळी खाली ठेवून मान हलवली. ठरलं.

*

धाकटी गायली छानच. अगदी दुर्बीणवालीसुद्धा वही मिटून ऐकत राहिली. सकाळभर विळे एका दमात पडत होते, पेंढ्या बांधल्या जात होत्या. थोरलीचा नवरा बांबू रेटत तराफा पुढं नेत होता. थोरली ओळीच्या उजव्या टोकाला होती. काळ्या खडकापाशी आल्यावर तिला चुकल्यासारखं झालं. इथं एक कडवं यायला हवं होतं. ते आलं नाही, भलतंच पुढचं आलं. तिनं तोंड उघडलं, आणि बावीस वर्षांच्या सवयीनं पुन्हा मिटलं.

पाय गाण्याबरोबर उजवीकडं वळले. दहा पावलं गेले असतील, तेवढ्यात दीर ओरडला. त्याच्या विळ्यापासून चार बोटांवर वाकवलेल्या पानांचं घरटं होतं. त्यानं विळा आवरला, पण कवेत घेतलेले दांडे हलले आणि घरटं तिरकं झालं. एक अंडं घरंगळलं. थोरलीनं विळा सोडून दोन्ही हात पाण्यात घातले. अंडं तळाशी जायच्या आत तिच्या तळव्यावर आलं. गार, पिवळसर, तांबूस ठिपक्यांचं. तिनं ते फुंकरीनं कोरडं केलं आणि परत ठेवलं. पाण्यात पडलेला तिचा विळा शोधायला मग अर्धा तास लागला आणि तेवढ्यात तिच्या पोटरीला दोन जळवा लागल्या.

दुर्बीणवाली होडी घेऊन जवळ आली. ती चिडली नव्हती, त्यामुळं सगळे जास्त घाबरले.

"फुटलं नाही, म्हणून बंद करत नाही," ती म्हणाली. "पण आजचं काम इथंच. उद्या पुन्हा असं झालं, तर मला काही करता येणार नाही."

दुपारीच सगळे काठावर आले. धाकटी सगळ्यांच्या मागं मागं चालत होती.

*

अंगणात पेंढ्या उभ्या करून वाळत घातल्या होत्या. त्यांच्या सावलीत ओळीतले सगळे बसले. प्रश्न एकच होता, एकसष्ट कडवी क्रमानं कोणाला येतात. सासूला येत होती, पण तिला बोलता येत नव्हतं आणि लिहिता तर कधीच येत नव्हतं. तिनं हातानं खडक दाखवला, वळण दाखवलं, पक्षी दाखवला. दिराला वाटलं ती भूक लागली म्हणते आहे. त्यानं ताट आणलं. सासूनं कपाळावर हात मारून घेतला.

थोरलीच्या नवऱ्याला चाल पाठ होती, शब्द नव्हते. "आम्ही नुसतं धृपद धरतो," तो म्हणाला. "मधलं कोण लक्षात ठेवतं? आई आहेच की, असं वाटायचं."

"खडकापाशी वाकड्या झाडाचं येतं ना?" धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "मला तर तसंच आठवतं."

"नाही," थोरली म्हणाली. ती जरा बाजूला बसून विळ्याला धार लावत होती. "वाकडं झाड खूप पुढं. सव्विसावं. खडकाचं बारावं."

"बारावं कोणतं?"

थोरलीनं दगडावरून विळा ओढत, बाजाराची यादी सांगावी तसं सांगून टाकलं:

"काळ्या खडकाला वळसा, डाव्या अंगानं शिर गं, उजवीकडं निजलं आहे पाखराचं घर गं. मग तेरावं, बेडकाचं. मग नणंदेचं. मग पंधराव्यात ओळ दुमडायची."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. दगडावर विळा सरकल्याचा आवाज तेवढा येत होता. तो थोरलीला एकदम फार मोठा वाटला आणि तिनं हात थांबवला.

"तुला सगळं येतं?" नवऱ्यानं विचारलं.

"येतं म्हणजे? बावीस वर्षं ऐकतेय. तोंडाला काम नव्हतं, मग कान करणार काय?"

तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायला लावलं. मधे एकदाही ती अडली नाही. सासू समोर बसून बोटं मोजत होती. एकसष्टाव्या कडव्यावर तिनं मूठ मिटली. मग उठली, आत गेली आणि पत्र्याचा डबा आणून थोरलीपुढं ठेवला.

थोरलीनं तो पायानं हळूच मागं सरकवला. "आई, उगाच थट्टा नको. मी शब्द सांगते, धाकटी म्हणेल."

*

तिसऱ्या दिवशी दोघी तराफ्यावर बसल्या; ओळीतल्या त्यांच्या जागी शेजारचे दोघे उतरले. थोरली कानात सांगायची, धाकटी गायची. पण सांगितलेलं ऐकून गायला वेळ लागतो. ठेका अडखळायचा. विळे कुणाचे वर, कुणाचे खाली. तासाभरात तिघांच्या बोटांना चिंध्या बांधाव्या लागल्या. मागून पुढं टाकलेल्या एका पेंढीखाली दीर आडवा झाला आणि पाण्यातून डोकं वर काढून म्हणाला, "वहिनी, आम्हाला मारायचंच असेल तर सरळ विळ्यानं मारा."

सगळे हसले. थोरलीचा नवरा मात्र बांबू टेकून उभा राहिला.

"तूच म्हण," तो म्हणाला.

"अहो, लोक हसतील."

"हसू देत की. हसताना विळा चुकत नाही, थांबताना चुकतो."

"पहिल्या वर्षी तुमच्या चुलतभावाचा चुकला होता."

"तो अजूनही चुकतो. त्याचं गाण्यावर ढकलू नकोस."

धाकटीनं डबा उचलून थोरलीच्या मांडीवर ठेवला. "ताई, मी ठेक्याला टाळ्या वाजवते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडं बघून म्हणा. त्यांच्याकडं बघूच नका."

समोर बारा माणसं कमरेपर्यंत पाण्यात उभी होती आणि मागं दुर्बीणवाली होडीत. तिला वाटलं, आत्ता पाण्यात उडी घ्यावी आणि पलीकडच्या काठाला निघावं. पण पाणी कमरेएवढंच होतं, फार तर चालत गेली असती. तिनं डोळे मिटले आणि डब्यावर थाप मारली.

तीन पट्टे कापिले...

आवाज निघाला तो बावीस वर्षांचा गंज घेऊनच निघाला. चाल एकीकडं, गळा दुसरीकडं. ओळीतल्या दोघांनी खांद्यात तोंड लपवलं. दीर इतका हसला, की त्याला उचकी लागली. पण थोरली थांबली नाही, कारण थांबल्यावर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. तिनं पुढची ओळ त्याच गळ्यात टाकली.

आणि डावीकडून, पाणकणसांच्या आतून, कुणीतरी खवळून उत्तर दिलं. क्रर्रक, क्रर्र, क्रर्रक. पाणकोंबडी होती. तिचं संपतंय तोवर उजवीकडून दुसरी ओरडली, मग लांब तिसरी. घरावर कुणी चालून आल्यासारखा त्यांचा कलकलाट चालला.

थोरली गप्प झाली. पाणकोंबड्याही गप्प झाल्या.

"पुन्हा म्हणा," मागून दुर्बीणवाली म्हणाली. ती होडीत उभी राहिली होती.

"अहो बाई, तुम्हीसुद्धा..."

"मी हसत नाही. पुन्हा म्हणा. तीच ओळ, तशीच."

थोरलीनं म्हटली. पुन्हा डावीकडं एक, उजवीकडं एक, लांब एक. दुर्बीणवालीनं वहीत तीन फुल्या मारल्या. "डावीकडं बारा पावलांवर एक घरटं असणार," ती म्हणाली. "तुमचा आवाज ऐकून तिला वाटतं दुसरी पाणकोंबडी हद्दीत घुसली. घरटं असेल तिथूनच ती भांडते."

दीर बारा पावलं मोजत गेला, पानं बाजूला केली आणि तिथूनच हात वर केला. बोटं पाच दाखवली. पाच अंडी.

त्यानंतर कोणी हसलं नाही, असं नाही. सगळे हसत होते, पण आता ते हसणं निराळंच होतं. थोरलीचा चेहरा कानापर्यंत तापला होता. तिनं डबा मांडीत घट्ट धरला आणि पुढचं कडवं घेतलं.

*

पुढचे दिवस कसे गेले ते कुणालाच कळलं नाही. थोरली एक ओळ टाकायची, कापणारे थांबून कान द्यायचे. जिथून शिव्या यायच्या तो तुकडा उभा सोडायचा, आणि जिथून नाही तिथं बाराही विळे एकदम पडायचे. कडवं सांगायचं कुठं जायचं, पाणकोंबडी सांगायची कुठं जायचं नाही. धाकटी धृपद उचलायची आणि तिचा मधाळ गळा थोरलीच्या खरखरीवर असा बसायचा, की ऐकणाऱ्याला दोन्ही हवंसं वाटायचं.

पाण्यानं पायांची कातडी पांढरी होऊन सुरकुतली. पानांच्या कडांनी हातांवर रेघा ओढल्या. पाठ घरी येताना सरळ व्हायला नाही म्हणायची. तरी सकाळ झाली की माणसं आधीच काठावर येऊन उभी. पलीकडच्या ओळीचा म्होरक्या एकदा होडी घेऊन आला आणि दिराला म्हणाला, "तुमची वहिनी अर्धा दिवस द्या की. आमच्याकडं सगळे गोड गळ्याचे आहेत, एक पाखरू बोलत नाही."

"मोफत नाही मिळणार," दीर ऐटीत म्हणाला. "येताना-जाताना वल्हं तू मारायचं आणि वाटेत तिच्या गळ्याला नावं ठेवायची नाहीत."

थोरली तिकडंही गेली. अर्धा दिवस गाऊन आली आणि त्या म्होरक्यानं खरंच तिला वल्हवत घरी आणून सोडलं. काठावर उतरताना त्यानं हात धरला तर म्हणाली, "सोडा, मी काही म्हातारी नाही." पण त्या संध्याकाळी ती आरशापुढं जरा जास्त वेळ उभी होती, हे धाकटीनं पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी सासू तराफ्यावर आली. आवाज अजून फुटला नव्हता, कुजबुज तेवढी निघत होती. वैद्यानं तीही मना केली होती, पण वैद्य काठावर होता. सासू सुनेच्या शेजारी पेंढीवर बसली आणि दिवसभर ऐकत राहिली. पाणकोंबड्या भांडत होत्या. दुर्बीणवाली मागं फुल्या मारत होती.

दुपारी सगळे तराफ्याच्या कडेला बसून डबे खात असताना सासूनं थोरलीला खुणेनं जवळ बोलावलं.

"माझी सासू गायची ना," ती कुजबुजली, "तिचा गळा असाच होता. तुझ्यासारखा. फाटका."

थोरली घास हातात धरून ऐकत राहिली.

"तेव्हा पाखरं अशीच उलटून बोलायची. आम्ही त्याला पाखरांची हुज्जत म्हणायचो. मग ती गेली आणि इथं मी बसले. माझ्या गळ्याचं सगळ्या काठावर कौतुक. आणि पाखरं गप्प झाली." सासू थांबली. तिनं पाण्याचा घोट घेतला. "मला वाटलं, ऐकतायत."

एक छोटा मासा तराफ्याच्या सावलीत आला आणि गेला.

"चाळीस वर्षं तसंच वाटत होतं," सासू म्हणाली.

थोरलीला वाटलं, आता ही रडते की काय. तिनं सासूचं रडणं कधी पाहिलं नव्हतं आणि आत्ता पाहायची तिची तयारी नव्हती. "ऐकतही असतील, आई," ती म्हणाली. "आम्ही तर ऐकतच होतो."

सासूनं तिच्याकडं पाहिलं. मग फडक्यानं तोंड पुसत कुजबुजली, "तुला त्या वर्षी मी सगळ्यांसमोर बोलले. बाजूला नेऊन बोलायला हवं होतं."

"बाजूला नेऊन बोलला असतात, तर मी घरी रडले असते. सगळ्यांसमोर बोललात म्हणून रडता आलं नाही."

सासूला हसू आलं. घशातून हसू निघेना, नुसते खांदे हलले. तिनं सुनेच्या पाठीवर एक चापट मारली, ती जरा जोरातच बसली.

"अठ्ठेचाळिसावं घाईत घेतेस," ती म्हणाली. "तिथं पाणी खोल आहे. पायांना वेळ दे."

"बरं."

"आणि डबा असा तळव्यानं नको बडवू. बोटांनी मार. हात सुजेल."

"बरं, आई."

उरलेला दिवस सासू डब्यावर होती आणि थोरली गळ्यावर. अठ्ठेचाळिसावं कडवं तिनं सावकाश घेतलं.

*

अकराव्या दिवशी दुपार कलायच्या आत शेवटची पेंढी तराफ्यावर पडली. पाणी मांड्यांपर्यंत उतरलं होतं. तराफा दोनदा चिखलात अडकला आणि बाराजणांनी मिळून तो ढकलून काढला. काठावर आल्यावर सगळ्यांनी मागं वळून तळं पाहिलं. कापलेले पट्टे आणि उभे ठेवलेले पट्टे शेजारी शेजारी होते. मधल्या मोकळ्या पाण्यावर उन्हाच्या रेघा हलत होत्या. त्या मोकळ्या पाण्यात एक पाणकोंबडी बाहेर आली. मागं काळ्या कापसाच्या बोळ्यांसारखी सहा पिल्लं.

दुर्बीणवालीनं दुर्बीण दिराच्या हातात दिली. मग ती एकामागून एक सगळ्यांच्या हातातून फिरली. सासूनं ती उलटी धरली आणि म्हणाली, "फार लांब गेलीत की." आता तिचा आवाज बेडकाएवढा फुटला होता.

"एकही घरटं गेलं नाही," दुर्बीणवाली म्हणाली. "सत्तेचाळीस मोजली मी. एवढी मला दुर्बिणीतून कधीच सापडली नव्हती. पुढच्या वर्षीची परवानगी उद्याच लिहून देते. अटी काय घालू, ते तुम्ही सांगा."

सगळ्यांनी थोरलीकडं पाहिलं. ती काठावर बसून पोटरीवरची जळू मिठानं सोडवत होती.

"तीन पट्टे कापायचे, एक राखायचा," तिनं मान वर न करता सांगितलं. "पाण्यावर वीतभर ठेवून कापायचं. यंत्र आणायचं नाही. बाकी वळणं बरीच आहेत, लिहायला वही पुरायची नाही. तुम्हीच ओळीत उभ्या राहा, आपोआप येईल."

"मला गाता येत नाही," दुर्बीणवाली म्हणाली.

"किती येत नाही?" सासूनं घाईनं विचारलं, आणि काठावर हशा पिकला.

पेंढ्या अंगणात पोचवून झाल्या. बाकीचे पांगले. थोरली आणि तिचा नवरा विळे धुवायला पुन्हा पाण्याशी आले. एकेक विळा वाळूनं घासायचा, धुवायचा, तेलाच्या चिंधीनं पुसून ठेवायचा. बारा विळे होते. ऊन तिरपं झालं होतं, पाणी गार होत चाललं होतं. हातांना झोंबत होतं, पण दोघांनाही उठायची घाई नव्हती.

तिसऱ्या विळ्याला थोरलीनं गायला सुरुवात केली. आधी गुणगुणली, मग तोंड उघडून. नणंदेचं कडवं.

नवऱ्यानं वर पाहिलं. "अगं, काम संपलं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? आवडतंय."

त्यानं हातातला विळा पुसून खाली ठेवला. मग त्यानं धृपद धरलं. त्याचा गळा चांगला, सरळ, घरात सगळ्यांत सुरेल. तो वर जाऊन तिची वाट बघत थांबला, ती काही तिथं आली नाही. मग त्यानं सूर सोडला आणि खाली, वाकडं, ती होती तिथं तो गेला. दोघांचं मिळून भयंकर झालं. थोरलीला हसू आवरेना. हसत हसतच तिनं पुढचं कडवं घेतलं आणि चौथा विळा त्याच्या हातात दिला.